काही होत नाही

कोपर स्टेशनजवळच्या दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाई प्रत्येक पेशंटच्या गळ्यात रुमाल बांधताना म्हणतात, "काही होत नाही हो." तीन वर्षं मी हे ऐकतोय.

यंदा दाढ काढायची होती आणि माझ्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायला लागलेले. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दातांच्या डॉक्टरांनी भुलीचं औषध बदललं. बाईंनी रुमाल बांधला, पण बोलल्या काहीच नाहीत. इंजेक्शन संपेपर्यंत त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती.

दाढ निघाल्यावर मी बधिर ओठांनी विचारलं, "ताई, आज 'काही होत नाही' राहिलं?"

"तुम्ही आधीच सगळं खरं सांगितलंत. मग तुम्हाला कशाला थापा मारू?"

हा धीर होता की धसका, कळेना. घरापर्यंत रिक्षात मी स्वतःचीच नाडी चाचपत राहिलो.