न्हाई माहीत, पण वाचलं

हात्सुए इवाबुची हिनं बत्तीस वर्षं आमच्या खोऱ्यातल्या शेतकरी संघाच्या खिडकीवर काढली. यंत्रांचे सुटे भाग द्यायची खिडकी. भातलावणीच्या ऐन घाईत ज्याचं यंत्र बंद पडलंय, तो गडी खिडकीवर येतो तेव्हा त्याला माणूस म्हणायची सोय नसते. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तुटका तुकडा आणि तोंडात शिव्या. तो भाग नेमका शिल्लक नसला, की दोष हात्सुएचा.

मी तिचा शेजारी. एकदा मी तिला विचारलं होतं, एवढं ऐकून घेतेस कशी?

"तोकुजी-सान, भाग न्हाई म्हणून गडी भडकत न्हाई," ती म्हणाली. "आपल्याकडं कुणी बघितलंच न्हाई, म्हणून भडकतो. म्हणून आधी मान वर करायची आन् म्हणायचं, बघितलं. न्हाई माहीत. शोधते. मग निम्मा राग तिथंच बसतो. उरलेला चहानं जातो."

निवृत्त झाल्यावर बाई गप्प बसेल असं वाटलं होतं. तर ती तालुक्याच्या वाचनालयात संगणक शिकली आणि इंटरनेटवर तिनं एक कट्टा काढला. जुन्या रॉकेल इंजिनांचा. आमच्या बापांच्या काळात भात सडायला, पाणी उपसायला जी दोन चाकांची लोखंडी इंजिनं होती, ती आता सगळ्यांच्या गोठ्यांत गंजून पडलेली. ती बाहेर काढायची, घासायची, पुन्हा चालू करायची आणि पोन-पोन-पोन असा आवाज ऐकत नुसतं उभं राहायचं, असं वेड असलेली माणसं देशभर आहेत. कामाचं काहीच नाही त्यात. म्हणून तर वेड. कट्ट्याचं नावही तेच, पोनपोन.

कट्ट्यावर रीती दोनच. पहिली, कुणाचाही प्रश्न दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत बिनउत्तराचा राहता कामा नये. कुणालाच ठाऊक नसलं, तर हात्सुए स्वतः लिहायची, "न्हाई माहीत, पण वाचलं." दुसरी रीत तिसऱ्या वर्षी पडली. नव्या माणसानं आत येताना आपलं नाव-गाव सांगायच्या आधी आपली एक चूक सांगायची; जुन्यांनीही मग आपापली लिहून टाकली. माझी सांगतो. बायकोनं रॉकेलच्या जुन्या डब्यात सोया सॉस भरून ठेवला होता, तो मी इंजिनाच्या टाकीत ओतला आणि तासभर हँडल मारत बसलो. ही चूक लिहिल्यावर मला कट्ट्यावर शहाणपणा करायची सोयच राहिली नाही. तेच तिला हवं होतं.

आणि हात्सुए लिहायची आमच्या खोऱ्याच्या बोलीत. तोक्योचे लोक सुरुवातीला इस्त्री केलेल्या भाषेत लिहीत. त्या भाषेत माणूस वाकून नमस्कार करता करता समोरच्याचा गळा कापू शकतो. आमच्या बोलीत तसं जमत नाही. शिवी दिली तर ती शिवीच दिसते. हळूहळू तेही आपापल्या गावची बोली काढायला लागले आणि कट्टा घरासारखा झाला.

कट्ट्यावरचा सगळ्यात जाणता गडी म्हणजे निगाताचा नुकाझावा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, सगळं आयुष्य ओतकामाच्या कारखान्यात गेलेलं. फोटो बघून इंजिनाचं साल सांगायचा. दट्ट्यावरच्या, म्हणजे पिस्टनवरच्या, ज्या कड्या कुठंच मिळत नाहीत, त्या घरी ओतून लोकांना पाठवायचा. जीभ मात्र करवतीसारखी. पहिल्या वर्षापासून होता, म्हणून सगळे ऐकून घेत.

ऑगस्टमध्ये वाकाना सोमेकावा नावाची एक बाई आली. समुद्राकाठच्या गावात तिचं केस कापायचं दुकान. तिनं रीतीप्रमाणे चूक लिहिली. चुलत्याचं इंजिन मिळालं म्हणून हौसेनं घासलं, लालभडक रंग दिला, आणि घासता घासता कारखान्याच्या पितळी पट्टीवरची अक्षरंच उडाली. आता हे इंजिन कुणाचं, कधीचं, कुणी ओळखेल का? सोबत फोटो.

ओळखणारा एकच होता. त्यानं लिहिलं, "मढ्याला लिपस्टिक लावलीय. केसवालीकडून दुसरं काय होणार."

त्याखाली हसऱ्या तोंडाच्या एकेचाळीस खुणा पडल्या. वाकाना पुन्हा दिसली नाही.

चौथ्या दिवशी हात्सुए माझ्या अंगणात आली. मी काकड्या तोडत होतो.

"त्या एकेचाळिसात पैली खूण कुणाची, बघितलीस?"

"कुणाची?"

"माजी."

मी म्हणालो, "पुसून टाक की ते वाक्य. कट्टा तुझाच हाय."

"पुसलं म्हंजी तिच्या डोक्यातनं पुसतंय व्हय? बत्तीस वर्षं खिडकीवर म्या एका गड्याला हसले न्हाई. आन् ही बाई चूक सांगा म्हनली म्हनून चूक सांगती, तर म्याच हसले. तिचा प्रश्न तर तसाच ऱ्हायला." ती ओट्यावर टेकली. "नोव्हेंबरात कट्ट्याचा इंजिनांचा मेळा भरतोय, तवापातूर ती माघारी आली न्हाई, तर कट्टा बंद करनार. ज्याला खिडकीवरनं हाकलत्यात त्याच्यासाठी काढला हुता. आता कट्टाच हाकलाय लागला, तर काय चाटायचाय?"

बंद करील, याची मला खात्री होती. ही बाई बोलली की करतेच.

त्याच दिवशी तिनं कट्ट्यावर लिहिलं, "पहिली हसणारी मी. वाकाना-सान, माझं चुकलं." मग हळूहळू बाकीच्यांनीही माफी मागितली. नुकाझावा गप्प. वाकानाही गप्प. भात पिकलं, कापलं, वाळत टांगलं, तरी दोघं गप्पच.

ऑक्टोबरात हात्सुएनं मांजूंचा, म्हणजे पुरण भरलेल्या वाफवलेल्या गोड पावांचा, खोका घेतला, नीट कापडात बांधला आणि माझ्या टेम्पोत येऊन बसली.

"वाकानाकडं?" मी विचारलं.

"न्हाई. म्हाताऱ्याकडं."

"अगं, चूक त्याची आन् खोका तू नेतीस?"

"तिच्याकडं जाऊन दारात वाकले, तर तिला या या म्हनावंच लागंल. ती जबरदस्ती झाली. तू गाडी चालव."

डोंगर ओलांडून चार तास. नुकाझावा दारातच उभा होता. भांडणाच्या तयारीत असलेल्या माणसाचं तोंड कसं असतं, तसं तोंड.

"कट्ट्यावरनं काढायला चार तास आलासा? तिथनंच काढायचं की!"

"आधी मांजू खावा," हात्सुए म्हणाली. "डोंगरात हिंदकळून पुरण भाईर आलंय."

त्यानं चहा केला, मुळ्याचं लोणचं कापलं. पाऊण तास दोघं कड्यांवर बोलली. वाकानाचं नाव नाही. मीच कंटाळून मध्ये काहीतरी बोलणार, तेवढ्यात हात्सुएनं कप खाली ठेवला.

"नुकाझावा-सान, परवा म्या सगळ्यांच्या चुका पैल्यापासनं वाचून काढल्या. तीनशे बारा. तुमचीच तेवढी घावली न्हाई."

"तवा ती रीत न्हवती."

"न्हवतीच. म्हनून म्हनलं, आता इचारावं."

"माजी चूक न्हाई."

"बरं," हात्सुए म्हणाली आणि लोणच्याची फोड उचलली. ती चावायचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. 

म्हातारा उठला, चपला घातल्या आणि मागच्या अंगणात गेला. आम्ही मागोमाग. अक्रोडाच्या झाडाखाली एक इंजिन पडलं होतं. अर्धं मातीत गेलेलं, चाकांतून गवत वर आलेलं. सिलिंडरला वरपासून खालपर्यंत चीर.

"बापाचं," तो म्हणाला. "त्यो दवाखान्यात हुता. म्या एकोणीस वर्सांचा. नुकता कारखान्यात लागलेला, लई अक्कल आलेली. म्हनलं, म्हातारा घरी यायच्या आत चालू करून दाखवतो. दट्ट्या अडकला हुता. तेल सोडून आठ दिस थांबायचं, एवढं शेंबड्या पोरालाबी कळतंय. म्या हातोडा घातला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाप आला, बघितलं, आन् ह्या झाडाखाली आनून ठिवलं. बोलला काईच न्हाई. मरंपातूर. एक शिवी घातली असती, तर म्या कवाच इसरलो असतो."

हात्सुएनं चिरेवरून बोट फिरवलं. तिनं समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. "बघितलं," एवढंच म्हणाली. आणि परतीच्या वाटेवर तर ती घोरतच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर त्या इंजिनाचा फोटो आला. खाली सगळी हकिगत, एका बोटानं बडवलेली. आणि शेवटी: "सोमेकावा-सान. तुम्ही रंग दिला, मी फोडलं. तुमचं चालू होईल, माझं होणार नाही. मी बोललो ते नीच होतं." त्याखाली त्यानं तिच्या इंजिनाच्या कारखान्याचं नाव, साल, आणि त्या साली तिथल्या ओतकामात कुठला दोष राहायचा, तेही लिहिलं होतं. ऑगस्टमध्येच त्याला हे ठाऊक होतं.

यावेळी एकही हसरी खूण पडली नाही. वाकानाचं उत्तरही आलं नाही.

मेळा नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, आमच्याच गावच्या कापलेल्या भातखाचरात. साठेक इंजिनं, धूर, मुळ्याची गरम आमटी. हात्सुए पातेल्याशी उभी राहून वाढत होती आणि रस्त्याकडे अजिबात बघत नव्हती. एवढं न बघणं मी कधी बघितलं नव्हतं.

अकराच्या सुमारास एक छोटी गाडी बांधाशी थांबली. मागं ताडपत्रीखालून लाल चाक दिसत होतं.

वाकाना उतरली. पस्तिशीची, आखूड केसांची. नुकाझावा तिच्यासमोर गेला आणि कमरेत वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही. शेवटी तिलाच म्हणावं लागलं, "उठा आता. कंबर धरंल."

तो उठला. इंजिनाभोवती एक फेरी मारली. "रंग वाईटच हाय," म्हणाला. 

"व्हय का? आन् तुमचे केस कुणी कापलेत, बैलानं?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "म्या सोताच."

"दिसतंयच. दुपारी बसा हितं, कापून देते."

"बसतो. पर चाकाच्या कडंचा रंग खरवडायला पायजे. पट्टा घसरंल."

"मग खरवडा. करवत तोंडातच हाय की तुमच्या."

दोघांनी मिळून हँडल मारलं. पहिल्यांदा नाही, दहाव्यांदाही नाही. नुकाझावा घामाघूम झाला, वाकानानं जाकीट काढून बांधावर फेकलं. कितव्यांदा तरी एक पोन आला. मग बराच वेळ काही नाही. मग पोन-पोन सुरू झालं आणि पांढरा धूर आमटीच्या पातेल्यावर आला.

मी हात्सुएजवळ गेलो. "मग, कट्ट्याचं काय?"

"धूर पांढरा येतोय बग," ती म्हणाली. "कडी बरुबर बसलेली न्हाई. त्यो म्हातारा लगीच चार तास लांब जानार. उद्या ती इचारनार कुठं?"

आणि माझ्या हातातला वाडगा ओढून घेऊन तिनं त्यात आमटी वाढली.