होडीची बादली

खुर्ची ही वस्तू बसण्यासाठी असते हे मान्य नसलेले एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले आणि ते नेमके माझे साडू निघाले. साडूभाऊंच्या लेखी खुर्चीचे उपयोग दोनच. तिच्यावर चढून पंख्यापर्यंत पोचायचं, नाहीतर ती उलटी करून कुठला पाय डुगडुगतो ते बघायचं. चहा ते उभ्याने पितात, पेपर फेऱ्या मारत वाचतात आणि जेवताना वरणभात आणि ताकभात यांच्या मध्ये एकदा उठून मोरीतला नळ घट्ट करून येतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्या घरचे थोरले जावई म्हणून हेच पुढे होते. पोहे आले, मुलगी आली आणि साडूभाऊंना ऐकू आलं की डोक्यावरचा पंखा कटकट करतोय. "एक मिनट हां," म्हणून त्यांनी पंखा उतरवला. बाकीचा सगळा कार्यक्रम भर वैशाखात बिनपंख्याचा झाला. सतरंजीवर पाती पसरून पंखा पडलेला, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मी आणि मध्ये दातांत स्क्रू धरून साडूभाऊ. मला मुलगी आवडली म्हणून मी होकार दिला की उकाड्यातून सुटायची घाई झाली म्हणून, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

मोरिवलीच्या एका कारखान्यात ते फिटर होते, तोवर त्यांची ही चुळबुळ कारखान्याने पोसली. निवृत्त झाले आणि ती आमच्या अंगावर आली. आमच्या म्हणजे शब्दशः आमच्या, कारण अंबरनाथ पूर्वेच्या त्या तीनमजली इमारतीत ते तळमजल्यावर आणि आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. महिन्याभरात त्यांनी जिन्याचा कठडा, गेटची कडी, पंपाचं झाकण आणि तीन घरांच्या बेल दुरुस्त केल्या. त्यातली एक बेल शेवटपर्यंत दाबल्याशिवाय वाजायची. इमारतीला लिफ्ट नव्हती म्हणून ती तेवढी वाचली. "यांना काहीतरी मोठं काम मिळू दे," असा नवस माझी मेहुणी, म्हणजे ताई, बोलली होती म्हणतात. नवस बोलताना माणसाने जरा तपशील द्यावा.

कारण एका सकाळी ट्रकमधून होडी आली. ती त्यांच्या वडिलांची शिडाची होडी. कल्याणच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव, तिथे घरची मिठागरं होती आणि या होडीतून वडील मीठ आणि गवत घेऊन भरती-ओहोटीवर ये-जा करायचे. वडील गेल्यावर ती चिखलात पालथी पडून राहिली. आता तिथे गोदामांसाठी भराव पडायला लागला आणि डंपरवाला म्हणाला, "लाकूड उचला, नाहीतर गाडून टाकतो." लाकूड हा शब्द साडूभाऊंच्या जिव्हारी लागला. ट्रकमधून नाळ, म्हणजे होडीचं नाक, बाहेर आलेली, वरून डोलकाठी बांधलेली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी साडूभाऊ, अर्थात उभे. ताईंनी खिडकीतून एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "ही घरात नाय आनायची." वीस फुटांची होडी वन-रूम-किचनमध्ये येणार नाही याची त्यांना खात्री नव्हती, यावरूनच नवऱ्याबद्दलचा त्यांचा अनुभव कळावा. होडी पार्किंगमध्ये उतरली. "तात्पुरती हाय, साडूभाव," त्यांनी मला सांगितलं. ती तात्पुरती होडी पुढची कितीतरी वर्षं आमच्या स्कूटर अडवून उभी होती.

मग काम सुरू झालं. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, मग नव्या बसवलेल्या पसंत नाहीत म्हणून पुन्हा काढल्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा आणि वरून राळ आणि तेलाचा लेप द्यायचा. ही ठोकाठोक दुपारी सुरू व्हायची, कारण त्या वेळी सगळे झोपलेले असतात आणि कुणी मध्ये बोलत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं. पुढे लाकडाला पाजायला मुशीचं तेल आलं. मुशी म्हणजे शार्क मासा, आणि त्याच्या काळजातून निघणाऱ्या तेलाला जो वास असतो तो शब्दांत सांगता येत नाही, तो कपड्यांतूनच घरी न्यावा लागतो. बुवापाड्यापर्यंतची यच्चयावत मांजरं आमच्या पार्किंगमध्ये राहायला आली. माझ्याकडे रहिवाशांच्या तक्रारी आल्या. मी खाली जाऊन जरा कडक आवाजात म्हटलं, "साडूभाऊ, हे संपणार कधी?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "होरी संपत नसते," ते म्हणाले, "एका बाजूनं नीट केली का दुसरी बाजू वाट बगतं." आणि माझ्या हातात ब्रश दिला. दोन तास मी, सेक्रेटरी, तक्रारीच्या विषयालाच तेल लावत होतो.

पण खरा घोळ तेलाचा नव्हता, पाण्याचा होता. लाकडी होडी जमिनीवर राहिली की सुकते. सुकली की फळ्या आकसतात आणि मधल्या फटींतून आरपार उजेड दिसायला लागतो. "उजेड दिसला का होरी मरली," साडूभाऊ म्हणत. म्हणून तिला रोज पाणी पाजायला हवं. आणि हे कुठे, तर एक दिवसाआड पाणी येणाऱ्या इमारतीत! आधी त्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी दिलं. मग, ताईंचं लक्ष नसताना, ताईंच्या आंघोळीचं दिलं. मी नोटीस लावली की होडीसाठी टाकीचं पाणी वापरू नये. नोटीस त्यांनी मन लावून वाचली, तिचा सुटलेला कोपरा चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापासून बादली घेऊन दारोदार उभे राहू लागले. "तांदूळ धुतलेलं चालल, साबनाचं नको. तिला साबन सोसत नाय." लोक आधी वैतागले, मग हसले, मग द्यायला लागले. हळूहळू पाळ्या ठरल्या. पाणी आलं की घरोघरी पहिल्यांदा एक बादली बाजूला काढायची. तिचं नावच 'होडीची बादली' पडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गावाहून आठवड्याने परतल्या आणि बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "आमची बादली राहिली का हो?" ज्या इमारतीत पार्किंगवरून भांडणं व्हायची, तिथे लोक संध्याकाळी खाली येऊन फटींना डोळा लावायचे आणि आज कमी उजेड दिसतोय म्हणून खूश होऊन वर जायचे.

शीड शिवायला ते उल्हासनगरला गेले, मलाही ओढून घेऊन. जीन्स शिवणारे एक सिंधी सेठ त्यांच्या ओळखीचे. एवढा जाड कॅनव्हास शिवणारी मशीन आणखी कुठे मिळणार? सेठनी मापं बघितली आणि चष्मा काढला. "साईं, इतनी बड़ी पँट पहनेगा कौन?" शीड झकास झालं. फक्त कारागिरांनी हाताच्या सवयीने सगळीकडे नारिंगी धाग्याची दुहेरी शिलाई मारली, कोपऱ्यांना तांब्याची बटणं ठोकली आणि खालच्या बाजूला एक खिसाही लावला. मला वाटलं साडूभाऊ भडकणार. त्यांनी खिशात हात घालून बघितला, तंबाखूची पुडी ठेवून बघितली आणि म्हणाले, "बाबाला ह्ये सुचला नव्हता." शीड पोचवायला सेठ स्वतः आले आणि होडीच्या प्रेमात पडले. बदलापूर रोडला त्यांनी लग्नाचा हॉल काढला होता. ताईंना ते म्हणाले, "इसको बीच में से काटेंगे, आधी होडी दीवार में से बाहर निकलेगी, उसमें दूल्हा-दुल्हन. लायटिंग! फर्स्ट क्लास दिसेल, भाभीजी." काटेंगे हा शब्द ऐकून साडूभाऊ होडीच्या पलीकडे गेले आणि बराच वेळ अलीकडे आलेच नाहीत.

आणि मग इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीपर्यंत सगळ्यांनी घरं खाली करायची होती. जो तो भाड्याची जागा शोधत होता आणि कुठलाही घरमालक 'सोबत एक होडी आहे' हे ऐकून पुढे बोलत नव्हता. एका सकाळी ताईंनी निकाल दिला. "आता लय झाला. पान्यात घाला. तरली तर तुमची, नाय तरली तर सेठला द्यायची. परत कुटं न्यायची नाय." साडूभाऊ "बरं" म्हणाले. एवढं छोटं उत्तर त्यांनी आयुष्यात दिलं नव्हतं. त्यानंतरचे दिवस बघवत नव्हते. ठोकलेला सांधा पुन्हा उकरायचा, पुन्हा ठोकायचा, जेवता जेवता उठून पार्किंगमध्ये जायचं, फटींना डोळा लावायचा. नव्या फळ्यांनी अजून पाणी म्हणावं तसं घेतलं नव्हतं. बादल्या कमी पडत होत्या. आम्हा सगळ्यांनाच चैन नव्हतं. मी घरातल्या सामानाची खोकी बांधायची सोडून दिवसातून चार वेळा खाली जात होतो आणि बायको म्हणत होती, "तुम्हालाही लागण झाली."

भरतीच्या दिवशी होडी गावच्या खाडीकाठी नेली. निम्मी सोसायटी आली होती. सेठही आले होते, सोबत टेम्पो घेऊन, आणि हातात होडीसाठी हारही. माणूस मनाने चांगला, दोन्ही तयारीने आला होता. ताईंनी नारळ फोडला, होडी पाण्यात सरकली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत तिच्या सगळ्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. साडूभाऊ आत उभे होते, पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. ते खाली उतरले आणि काठावरचे दगड उचलून होडीत टाकायला लागले. "अहो, बुडवताय काय!" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या. होडी काठांपर्यंत पाण्यात गेली. नुसती डोलकाठी वर राहिली. कुणीतरी ताईंच्या पाठीवरून हात फिरवायला लागलं. सेठ हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, जाने दो. आज लेबर साथ में है, आजच काढून घेतो. मैं सँभाल के रखूँगा."

ताई पदर खोचून पुढे झाल्या. ज्या बाईने इतकी वर्षं अर्ध्या बादलीत आंघोळ केली आणि त्यावरून रोज त्या होडीचा उद्धार केला, ती म्हणाली, "सेठ, टेम्पो परत न्या. ती बुरली नाय. पानी पितं. पोट भरला का उटल." सेठनी हार डोलकाठीला घातला आणि टेम्पो मागे घेतला. मी शेजारीच होतो म्हणून पुढचं मला ऐकू आलं. माणसं पांगल्यावर ताईंनी नवऱ्याला विचारलं, "उटल ना वो?" साडूभाऊ म्हणाले, "बगू." सुकलेली होडी बुडवून ठेवायची, फळ्या फुगून सांधे आपोआप मिटतात, हे त्यांनी वडिलांना करताना लहानपणी पाहिलं होतं. पण तेव्हा होडी रोजची पाण्यातली. नंतरची इतकी वर्षं ती आमच्या तांदळाच्या पाण्यावर जगलेली. आणि आता त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. ठोकायला सांधा नाही, घट्ट करायला स्क्रू नाही. ते बांधावर बसले. मी त्यांना बसलेलं बघितलं! थोड्या वेळाने त्यांची मान कलली आणि भर दुपारी, उन्हात, डासांत, त्यांना झोप लागली. मी हाक मारणार होतो तर ताईंनी तोंडावर बोट ठेवलं. "राहू द्या, भावजी. हे दिवसा निजलेले मी लग्न झाल्यापासून बगितले नाय." त्यांनी पदराचा वारा घालायला सुरुवात केली.

काही दिवसांनी ओहोटीला दगड काढले, पाणी उपसलं आणि भरतीची वाट बघत आम्ही तिघं चिखलात उभे राहिलो. पाणी चढत चढत होडीच्या पोटाला लागलं, थोडं वर आलं आणि होडी हलली. मग उचलली गेली. आत पाणी शिरलं नाही. एका सांध्यातून तेवढी एक बारीक धार येत होती. मी काळजीने ती दाखवली तर साडूभाऊंचा चेहरा उजळला. "ऱ्हाऊ दे तेवरी. नायतर मी काय करू?" नारिंगी शिलाईचं शीड वर गेलं, वाऱ्याने फुगलं आणि आम्ही खाडीच्या मध्यावर निघालो. साडूभाऊ सुकाणू धरून बसले होते. जाऊन परत येईपर्यंत ते जागचे उठले नाहीत.

आता इमारतीच्या जागी मोठा खड्डा आहे आणि सोसायटीतली माणसं चहूकडे पांगलीत. साडूभाऊ आणि ताई खाडीकाठी दोन खोल्यांत राहतात, आम्ही बदलापूरला. ताईंचा अधूनमधून फोन येतो. परवा म्हणाल्या, "होरी बरी हाय. हे आता जेवन झाल्याबिगर उटत नाय. मलाच करमत नाय, भावजी, कुनाशी भांडू?" या एकदा, म्हणाल्या. जाऊ, म्हटलं. अजून जाणं झालेलं नाही. इथे नळाला दोन्ही वेळ पाणी असतं, तरी पाणी आलं की माझ्याच्याने बसवत नाही. उठतो, पहिल्यांदा एक बादली भरून दाराशी बाजूला ठेवतो. बायको ती ओलांडून जाते, पण रिकामी करत नाही.