अप्पर हटमधला बंब

"आधी हात लाव, मग बोल!" दार उघडताच काका पाहुण्याचा हात धरून भिंतीवरच्या रेडिएटरवर ठेवत. नमस्कार, कोट काढणे, चहा, हे सारे नंतर. पाहुण्याचा चेहरा खुलला, की मान ताठ करून म्हणत, "वीज नाही, गॅस नाही. शुद्ध बंब!"

ते माझ्या शेजारी राहत. आता राहत नाहीत, आणि त्याचा मला अजूनही संताप आहे. हे व्यक्तिचित्र असल्यामुळे तो आवरण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

संतापाचा पहिला वाटेकरी त्यांचे घर. इथली, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधली, जुनी लाकडी घरे तुम्ही पाहिली असतील: घरात बसून तोंडातून वाफ निघते, सकाळी खिडक्या आतून पुसाव्या लागतात, आणि तक्रार केली तर लोक हसून सांगतात, "अजून एक लोकरी जम्पर घाल." काकूंना दमा होता. जम्पर फुफ्फुसांवर घालता येत नाही.

म्हणून काकांनी बंब बांधला. मागच्या शेडमध्ये विटांची भट्टी, तिच्यावर भंगारातली तांब्याची टाकी आणि तिथून घरभरच्या रेडिएटरांपर्यंत गरम पाणी नेणाऱ्या नळ्या. जन्मभर वेलिंग्टनच्या ऑफिसांत सॉफ्टवेअर तपासलेला हा माणूस. "दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली. माझ्यात कोण काढणार?" हे ते विनोद म्हणून सांगत. ऐकणारे हसत. मीही हसत असे.

पहिला हिवाळा उत्तम गेला. काकू रात्रभर झोपू लागल्या. कल्पना चांगली होती, हे मी निःसंकोच लिहिते.

दुसऱ्या वर्षी जूनमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका शनिवारी त्यांनी पाच-सहा मराठी कुटुंबांना भज्यांना बोलावले. रेडिएटरला हात लावण्यासाठी रांग लागली. "काका, सॉलिड! विजेचा हीट पंप झक मारतो." फोटो निघाले. मी मात्र बंब पाहायला शेडमध्ये गेले, कारण दाबाखाली चालणारी उपकरणे तपासणे हेच माझे काम. टाकीतून एक नळी छपराबाहेर जात होती: तापलेले पाणी फुगले, वाफ झाली, तर बाहेर पडण्याची एकमेव वाट. बाहेर येऊन वर पाहिले, तर त्या नळीच्या तोंडात लाकडी बूच ठोकून वर तारेने आवळलेले होते. खाली जाळ धडधडत होता.

मी आत येऊन सर्वांसमोर म्हणाले, "काका, आग आत्ताच्या आत्ता विझवा."

"का गं? भजी थंड होतील."

"वाफेची नळी बंद केलीत तुम्ही!"

"वारा आला की शिट्टी वाजते त्यात. हिची झोपमोड होते. आणि बंबाला झाकण असतंच की!"

"ते नुसतं ठेवलेलं असतं, काका. हे तुम्ही ठोकलंय. कुकरची शिट्टी कधी तारेने बांधली होती का? फुटलं तर ही भिंत काकूंच्या पलंगावर येईल."

कोणीतरी पुटपुटले, "मोठ्यांशी असं बोलतात का?" फोटो काढणाऱ्यांपैकी एकानेही छपराकडे पाहिले नव्हते, माझा सूर मात्र सर्वांनी अचूक टिपला.

काकू उठल्या. "विझवा," एवढेच म्हणाल्या. काकांनी निखारे ओढून काढले, आणि बंब पुन्हा पेटवला नाही.

माझा खरा राग इथे सुरू होतो. बूच काढणे, नळीचे तोंड खाली वाकवून शिट्टी थांबवणे, हे अर्ध्या दिवसाचे काम. मी दोनदा सांगायला गेले. "राहू दे. आम्ही अडाणी माणसं," ते दारातूनच म्हणाले. चूक सुधारणे म्हणजे ती मान्य करणे, आणि ते त्यांना थंडीपेक्षा जड होते. त्यांचा मान शाबूत राहावा म्हणून किंमत काकू मोजत होत्या. कुंपणापलीकडून खोकला ऐकू येई.

जुलैमध्ये त्यांची मुलगी उत्तरेकडच्या अल्बनीहून येऊन काकूंना घेऊन गेली. गाडीत बसताना काकू मला म्हणाल्या, "यांचा राग उतरेपर्यंत माझी छाती टिकायची नाही गं."

त्यानंतर काका एकटेच, कानटोपी घालून, त्या गारठ्यात बसलेले दिसत. ऑगस्टमधल्या एका सकाळी कुंपणाशी येऊन त्यांनी विचारले, "शिडी आहे का तुझ्याकडे?" माफी मागण्याची त्यांची पद्धत ती हीच, हे मला कळले.

मी शिडी धरली. त्यांनी तार कापली, बूच उपटले, नळीला वाकडे तोंड बसवले. मी एकेक सांधा तपासला. ते परीक्षार्थ्यासारखे उभे होते. "आता पेटवा, काका."

संध्याकाळपर्यंत घर तापले. भट्टीसमोर उभे राहून त्यांनी काकूंना फोन लावला, स्पीकरवर.

"घर गरम झालंय. वाफेची वाट पण मोकळी केली. ये तू."

"अहो, इथे मला खोकलाच नाही हो," काकू म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, दोन वाक्यांमध्ये श्वास अडकत नव्हता. "पूर्ण वाक्य बोलतेय बघा. तुम्हीच या ना इकडे."

काकांच्या दुसऱ्या हातात लाकूड होते, भट्टीत टाकण्यासाठी उचललेले. ते त्यांनी परत ढिगावर, सालीची बाजू वर करून, नीट ठेवले.

"अल्बनीला थंडी कमी असते," मला म्हणाले, "नाही का?"