जवा आणि तवा

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझे सगळे पासवर्ड ठाऊक आहेत.

संगणकाच्या भाषा घडवण्यात माझं आयुष्य गेलं. बहुतेक भाषा मी सोडून कुणी वापरल्या नाहीत. एक मात्र चालली — मुलांना मराठीतून प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून केलेली. आज सातारा-सांगलीकडच्या शाळांत मुलं तिच्यात खेळ बनवतात. ‘जवा चेंडू भिंतीला, तवा माघारी.’ यंत्राला अट घालायची ती अशी. या ‘जवा-तवा’चं श्रेय सगळे सुरेखाला देतात. ती जतची, तेव्हा सांगलीच्या कॉलेजात माझ्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवायची.

शब्द माझे होते. मेढ्याला आम्ही घरी असंच बोलायचो. मग मी बोललो का नाही? — थांबा, तिकडेच येतोय.

भाषा तपासायला एक समिती आली. अध्यक्षांना शाल आधीच घालून झाली होती, काम नंतर सुरू झालं. सुरेखाला कायम करायचं की नाही, तेही यांच्याच हातात. पडद्यावर ‘तवा’ उमटला.

“तवा? भाकऱ्या भाजायच्यात का?” अध्यक्ष म्हणाले. “कुणाचं हे गावठी डोकं?”

सभागृह हसलं. आणि मी — कसं सांगू? — जराही न अडखळता म्हणालो, “सुरेखा मॅडमचं. बदलून घेतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात ती माझ्याहून शुद्ध बोलायची. “व्हय,” ती म्हणाली, “माझंच.”

तिला कायम केलं नाही. मी त्या जागी संस्कृतातलं ‘यदि-तर्हि’ घातलं. चाचणीच्या शाळेतल्या मुलांनी ते दोन दिवसांत टाकून दिलं. सुरेखा जतला परतली, तिथल्या शाळेत जुनी ‘जवा-तवा’चीच भाषा शिकवत राहिली. तिथून ती पसरली.

यंदा तिचा सत्कार ठरला, तेव्हा तिचा फोन आला. “आवं सर, आता तरी सांगू का, शब्द तुमचं हायती म्हणून?”

सांगितलं असतं तर त्या सभेतलं खोटंही बाहेर आलं असतं. मी म्हणालो, “राहू दे.”

“लय मोठं मन हाय तुमचं!” ती हसली. टोमणा होता का? मी विचारलं नाही. मोठं मन म्हणाली — म्हणू दिलं.

सत्काराला गेलो. पहिल्या रांगेत बसलो. नंतर जेवण होतं, फार छान होतं. मी दोनदा वाढून घेतलं.