नकार दिला, सबब चिकटवली

माझ्या दाराला कागद चिकटवला होता. खळ वाळून कडक झाली होती, एक ओघळ उंबऱ्यापर्यंत आलेला. भुकूमच्या आमच्या चाळीत सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं. मी गाडी लावली, हेल्मेट काढलं. मी माझ्याच दारासमोर उभी राहून वाचलं. वर माझं नाव, नवऱ्याचं नाव, हायकोर्टाचा शिक्का.

शेजारच्या मुलाणीकाकू तेवढ्या पुढं आल्या.

"सकाळी एक जन आला हुता. म्या म्हनलं, ती कोर्टात कामाला हाय, हितं न्हाई. तर म्हनतो, म्हाइत हाय मला. आन् मलाच म्हनतो, सही करा. म्या न्हाई केली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोकं म्हनत्यात, पैसं खाल्लं आसंल. तसं काय न्हाई न्हवं?"

कागद निघेना. उलथन्यानं खरवडला तर दाराचा रंग निघाला.

मी कोर्टात नोकरी करते. जिल्ह्यातल्या एका कोर्टात, कुठल्या ते लिहीत नाही. शिपाई म्हणून लागले. नऊ वर्षं फायलींचे गठ्ठे उचलले, न्यायाधीश साहेबांच्या टेबलावर पाणी ठेवलं, दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा केला. बाहेरून बी. ए. केलं, परीक्षा दिली, लिपिक झाले. मग वरिष्ठ लिपिकाच्या जागा निघाल्या. निवड गुणवत्तेवर, लेखी परीक्षा आणि कामाची नोंद बघून. जागा पाच. यादीत मी पहिली. आमचे भाऊसाहेब आठवे.

भाऊसाहेब म्हणजे नक्कल विभागाचे, कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणारे लिपिक. वडील याच कोर्टात नाझर, म्हणजे पैशांचा आणि नोटिसांचा कारभार बघणारे होते. सूसला मोठा फ्लॅट, कपाळाला गंध, आणि कोर्ट म्हणजे आपलं घर असल्यासारखा वावर. यादी लागली त्या दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर आपला रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "अगं, एवढा धुऊन ठेव. उद्यापासून तू मोठी बाई, मग कुणाला सांगू?" सगळे हसले. आणि मी उठले. नळावर जाऊन डबा धुतला. नऊ वर्षांची सवय, हात आपोआप पुढं गेला. परत येऊन डबा त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा स्वतःचीच शिसारी आली मला.

त्यांनी आणि आणखी सहा जणांनी हायकोर्टात याचिका टाकली. ज्येष्ठता डावलली म्हणून. टाकू दे. नियम चुकला असेल तर कोर्टात जाणं हा त्यांचा हक्क आहे, तो मी कशाला नाकारू? पण याचिका वाचली आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं. इंग्रजीत होती. मला कळणार नाही असं वाटलं असेल त्यांना. त्यात लिहिलं होतं की मी मूळची शिपाई, आणि माझी पार्श्वभूमी बघता वरिष्ठ पद पेलण्याची माझी कुवत नाही. पार्श्वभूमी! जात लिहायची हिंमत नव्हती, म्हणून हा सोवळ्यातला शब्द.

त्याच याचिकेची नोटीस माझ्या दाराला होती. बेलिफ, म्हणजे नोटिसा पोचवणारा माणूस, आमच्याच कोर्टातला. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर बसतो. हातात दिली असती तर मी जागच्या जागी सही करून घेतली असती. पण भुकूमला जाऊन चारचौघांत चिकटवल्याशिवाय भाऊसाहेबांचं समाधान कसं होणार?

चौथ्या दिवशी मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. सोबत बेलिफाचा अहवाल. 'सामनेवाली सकाळी साडेअकरा वाजता राहत्या घरी समक्ष भेटल्या. नोटीस घेण्यास नकार दिला, सबब दोन पंचांसमक्ष दारावर चिकटवली.' कोर्टाच्या नोकरानं कोर्टाचीच नोटीस नाकारली, म्हणजे खातेनिहाय चौकशी. चौकशी लागली की पदोन्नती आपोआप अडते, निकालाची वाट बघायचीसुद्धा गरज नाही. कुंपणच शेत खातं ते असं.

फक्त घाईत बेलिफ एक गोष्ट विसरला. त्या दिवशी साडेअकराला मी साहेबांच्या पुढ्यात बसून रोजनामा लिहीत होते. कोर्टात कधी काय झालं ते रोजनाम्यात येतं, खाली साहेबांची सही असते. सव्वाअकराला साक्ष सुरू, एकला संपली. अक्षर माझं.

मी त्या पानाच्या नकलेसाठी अर्ज केला. नक्कल विभागाच्या खिडकीसमोर, लोकांच्या रांगेत उभी राहिले. आत भाऊसाहेब.

अर्ज वाचून त्यांनी बाजूला ठेवला. "नक्कल कशाला हवी तुला? इतकं लांबवू नकोस. दोन ओळी लिहून दे, पदोन्नती नको म्हणून. मी याचिका मागे घेतो. चौकशीचंही बघतो."

"अर्जाची पोच द्या."

"चढलीस बरीच. परवापर्यंत डबे धूत होतीस."

"धूत होते. आता पोच द्या, भाऊसाहेब."

मागं रांग थांबली होती. मी खिडकीच्या कट्ट्यावरचा हात काढला नाही. त्यांनी शिक्का मारला, कागद माझ्याकडं न बघता सरकवला.

गोष्ट इथं संपली असती तर मला हे लिहायची गरज नव्हती.

घरी तो अहवाल पुन्हा वाचला. पंचांच्या सह्या बघितल्या. एक झेरॉक्सवाला, एक स्टॅम्पवाल्याकडचा माणूस. दोघंही कोर्टाच्या आवारातले, दोघांनी माझं घर कधी बघितलेलं नाही. आमच्याकडं ही रीतच आहे. बेलिफ कागद पुढं करतो, जवळ असेल तो सही करतो. आणि मग मला आठवलं. शिपाई असताना मीही केल्यात अशा सह्या. चहाचा ग्लास एका हातात धरून. 'नकार दिला' याच्याखाली. कुणाचं दार, कुठलं गाव, मी विचारलंसुद्धा नाही. किती बायका घरात नसतानाच त्यांनी नकार दिला असेल? नकार म्हणजे नोटीस पोचली असंच धरतात, मग त्यांच्या माघारी किती निकाल लागले असतील? भाऊसाहेबांचा मला किळस आला होता. त्या संध्याकाळी माझा आला, आणि तो जास्त होता.

हायकोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रात मी सगळं लिहिलं. डब्याचंही आणि माझ्या सह्यांचंही. शिपाई असताना मी खोट्या पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत, ते कागद शोधून तपासावेत.

वकीलबाई म्हणाल्या, "हा शेवटचा परिच्छेद काढूया. तुमच्याच गळ्याशी येईल. हरलात तर फक्त पद जाईल, याने नोकरी जाईल."

मला दोन मुलं आहेत. नवरा हिंजवडीत गाडी चालवतो. घर माझ्या पगारावर चालतं. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून मी भांडत होते. भाऊसाहेबांसारखंच वागून वरच्या खुर्चीत बसायचं असेल, तर ते बसले काय आणि मी बसले काय.

"राहू द्या," मी म्हणाले.

याचिकेचा निकाल अजून लागलेला नाही. चौकशी झाली तर समोर उभी राहीन, त्यांच्याविरुद्ध बोलेन आणि स्वतःविरुद्धही. पद काढून घेतलं तर घेऊ देत, मी लिहून देणार नाही. आणि कुणाच्या दारावरच्या खोट्या कागदाखाली माझी सही पुन्हा पडणार नाही. ज्यांच्या दारावर पडली आहे, त्या बायकांना मी जुन्या अहवालांवरून शोधायला सुरुवात केली आहे.