यांच्या टीमबरोबर उटनूरला

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. माझी मुलगी बासरला शिकते, तिला फोनवर सांगायला गेले की माझा आवाज बसतो. तिने कधी वाचलंच तर तिला कळावं, एवढ्यासाठी लिहिते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं. गावात फुटबॉलची टीम आहे आणि माझं लग्न झालं त्याच्याही आधीपासून हे तिचे मॅनेजर आहेत. मॅनेजर म्हणजे पोरांना पहाटे उठवणं, मैदानावर चुना मारणं, कोणी खेळायचं ते ठरवणं, सगळंच. यांचा एक नियम आहे. जो पोरगा रोज सरावाला आला आणि मॅचच्या गाडीत बसला, त्याला थोडा वेळ तरी खेळवायचंच. या नियमापायी टीम अलीकडं बरेच सामने हरली. टीमवर जीव टाकणारी गावातली माणसं वैतागली आणि यांना बदलून प्रवीणला आणायचं बोलू लागली. प्रवीण यांच्याच हाताखाली खेळून मोठा झाला आणि हैदराबादला कोचिंग शिकून आला.

पण त्यात एक अडचण होती. गोलचे खांब, जाळ्या आणि मैदान सपाट करायचं मशीन, यासाठी यांनी आमच्या घराच्या स्लॅबचे पैसे घातले होते. कापूस विकला की वर्गणी करून देऊ, असं गाव दरवर्षी म्हणायचं. आमच्या गावात रीत अशी, की ज्याचे पैसे आपल्याकडे राहिलेत त्याला कामावरून उठवायचं नाही. गुराखी असो की पाणी सोडणारा, आधी हिशोब बेबाक (पूर्ण चुकता), मग निरोप. मी त्या पैशांसाठी यांच्याशी किती वर्षं भांडले. या वर्षी पहिल्यांदाच वाटू लागलं, की ते येऊ नयेत.

उटनूरची मॅच ठरली तेव्हा मीही जायचं ठरलं. दिवाळीनंतर यांच्या छातीत दुखलं होतं, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती. ती मी पदराच्या गाठीत बांधली. ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि ठेचा घेतला. दोन गाड्या होत्या. पहिल्या गाडीत खेळाडू आणि हे, दुसरीत पाहायला येणारी गावची माणसं. मला त्या दुसऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. थंडी इतकी होती की काच पुसली तरी पुन्हा धुरकट व्हायची. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, उजाडायच्या आधी शेतं उगाचच पांढरी दिसत होती.

आदिलाबादला गाड्या थांबल्या. हॉटेलात गारेलु (उडदाचे वडे) आणि पातळ चटणी मिळाली. यांनी दोन्ही वडे एका पोराच्या ताटात टाकले. मी लांबून खूण केली, खा म्हणून. त्यांनी माझ्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गुडीहतनूर मागे पडलं आणि मागच्या सीटवर यांचा विषय निघाला. मी पुढं बसलेय हे सगळे विसरले असावेत. माझं असंच होतं, मी आहे हे लोकांच्या लक्षात राहत नाही. सगळ्यांत मोठा आवाज रमेशचा. त्याचं किराणा दुकान आहे, टीमचे कपडे तोच शिवून आणतो.

"गोल मारणाऱ्या पोट्ट्यालेच बाहेर काढते वसंताभाऊ. हे काय पंगत हाये का, आलेल्या सगळ्यायले वाढाले?"

बाबाराव कोपऱ्यात बसले होते. सत्तरीचे असतील, एकही मॅच चुकवत नाहीत. ते म्हणाले, "तू खेळे तवा तुये दोन्ही पाय डावे होते. तुले कोनं उतरवलं होतं रे? तवा पंगत गोड लागली."

सगळे हसले, रमेशही हसला. पण त्याने सोडलं नाही. तो म्हणत होता की गजानन, म्हणजे आमचा सगळ्यांत जास्त गोल मारणारा पोरगा, आदिलाबादच्या टीमकडं निघालाय. त्याच्यामागं आणखी दोघं जातील. मग गावात टीम कसली राहते? वसंताभाऊचा जीव चांगला आहे, पण जीव चांगला असून मॅच जिंकता येत नाही. ऐकताना मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. गाठोडं मात्र मी इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली.

इंद्रवेल्लीच्या पुढं रस्ता रानात शिरला. दोन्हीकडं साग, त्याची पानं तांबूस होऊन गळायला लागलेली. मधेच मोहाची मोठी झाडं. एका वळणावर आमच्या गाडीचं चाक बसलं. सगळे उतरले, वाद तसाच चालू. ड्रायव्हर तेलुगू होता, आमच्या माणसांशी हिंदीत बोलायचा. तो जॅक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पहले तय करो, मैनेजर बदलना है या टायर?"

मला हसू आलं, ते रमेशने ऐकलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, आमी खेळाचं बोलून राह्यलो. माणसाचं नाई."

मी मान हलवली.

उटनूर मी पहिल्यांदा पाहिलं. मोठी सरकारी कार्यालयं, त्यांच्या बाहेर रानातल्या गावांहून आलेली माणसं ऊन खात बसलेली. मैदान लाल मातीचं. एका बाजूला चिंचेच्या सावलीत बायका होत्या, तिथं मी बसले. शेजारी एक गोंड आजीबाई होत्या. त्या भागातल्या बऱ्याच लोकांना मराठी येते, त्यांनाही येत होती. त्यांचा नातू उटनूरकडून खेळत होता. त्यांनी मला इप्पपुव्वूचा (मोहाच्या फुलांचा) लाडू दिला आणि विचारलं, "तुझा पोरगा कोणता, बाई?"

मी रेषेवर उभ्या असलेल्या यांच्याकडं बोट केलं.

आजीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो तं बॉलकडं पाहतच नाही. पोरायकडंच पाहून राह्यला."

उरलेला लाडू मी भाकरीच्या गाठोड्यात ठेवून दिला.

पहिला गोल गजाननने मारला. रमेशने टॉवेल हवेत फिरवला. मग उटनूरने बरोबरी केली. मॅच संपत आली तेव्हा हे वळले आणि बाकावर पाहिलं. बाकावर शंकर एकटाच उरला होता. तो ट्रॅक्टर चालवतो, सराव एक दिवस चुकवत नाही, पण पायात बॉल आला की गोंधळतो. माझ्या मागं आमची माणसं उभी राहिली. रमेश ओरडत होता, आता नको भाऊ, आता नको. बाबारावांनी डोळ्यांवर हात धरला होता, उन्हासाठी की कशासाठी, कळलं नाही. मीही मनात म्हणत होते, आज नको. एकच दिवस नियम मोडा.

यांनी गजाननला बाहेर बोलावलं आणि शंकरच्या पाठीवर थाप मारून त्याला आत पाठवलं.

थोड्याच वेळात शंकरच्या पायातून बॉल निसटला, उटनूरच्या पोरांनी तो पुढं नेला आणि गोल झाला. आजीबाईंचा नातू नाचायला लागला. आजीबाई नाचल्या नाहीत, त्यांनी फक्त माझा हात धरला. माझं लक्ष यांच्या छातीकडं होतं. हात तिकडं गेला नाही. हे शंकरला काहीतरी सांगत होते आणि शंकर खाली पाहत होता.

भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या. ठेचा तिखट झाला, असंसुद्धा कोणी म्हणालं नाही.

परतताना चहाला गाड्या थांबल्या. रमेशने दस्ती (हातरुमाल) पसरली आणि म्हणाला की आता वसंताभाऊचे पैसे देऊन टाकू. आज जेवढे असतील तेवढे टाका, उरलेले कापूस विकल्यावर. कोणी वाद घातला नाही. एकेकाने नोटा टाकल्या. गजाननने टाकल्या, तेव्हा मला फार लागलं. बाबाराव तेवढे गाडीतच बसून राहिले, डोळे मिटून, झोप लागल्यासारखे. हे समोरच्या गाडीत खिडकीशी होते. ते पाहतायत हे मला दिसत होतं. मी पाहतेय हे त्यांनाही दिसलं असेल.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "तुझा स्लॅब होते आता."

उटनूर मला जायच्या आधी फार लांब वाटायचं. तिथून आल्यावर वाटलं, लांब तर आमच्या दारापासून मैदानापर्यंतचा रस्ता आहे. कारण त्यानंतर हे रोज पहाटे तो चालत जायचे आणि मी दारात उभी राहून ते परत कधी येतात हे पाहायची.

कापूस विकला गेला तसे पैसे येत गेले. सगळ्यांचे आले. राहिले फक्त बाबारावांचे. ते म्हणायचे, देतो, घाई काय आहे. सगळ्यांना कळत होतं ते का देत नाहीत. त्यांचा वाटा राहिला म्हणजे हिशोब राहिला आणि हिशोब राहिला म्हणजे यांना उठवता येत नव्हतं. सामानाच्या खोलीची किल्ली अजून आमच्याच खिळ्याला होती. आधी मला बरं वाटलं. मी मनात बाबारावांच्या पाया पडले.

पण प्रवीणही मैदानावर येऊ लागला होता. चांगला पोरगा आहे, यांना पाहिलं की बाजूला उभा राहायचा. एका सकाळी हे गोळी घरीच विसरले म्हणून मी मागं गेले. प्रवीणने पोरांना एक सांगितलं, यांनी दुसरं सांगितलं. पोरं बॉल मधे ठेवून उभी राहिली. कधी याच्याकडं पाहायची, कधी त्याच्याकडं. शेवटी हेच मागं सरकले आणि कुंपणाच्या दगडावर बसले. हात छातीवर गेला. मी धावले, गोळी दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "काई नाही, उन्हानं झालं." ऊन अजून पडलंही नव्हतं.

दुपारी मी बाबारावांच्या घरी गेले. आयुष्यात मी कोणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. ते ओसरीवर होते. म्हणाले, "काय सूनबाई, काऊन आली?"

"बाबा, तुमचे राहिलेले पैसे द्या."

ते म्हणाले, "मी देल्ले तं वसंता मोकळा होते. समजते ना तुले?"

"समजते. म्हणूनच मागून राह्यली."

ते उठून आत गेले. लगेच बाहेर आले, नोटा घडी करून ठेवलेल्याच होत्या. माझ्या हातावर ठेवल्या आणि दुसरीकडं तोंड केलं. मी त्या गोळीच्याच गाठीत बांधल्या.

घरी हे बाजेवर पडले होते. मी नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. कोणाच्या, विचारलं. बाबांच्या, म्हटलं. ते उठून बसले. मग खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"प्रवीणले नेऊन दे. आन सांग त्याले, शंकरले पयल्या हाफमध्येच उतरव म्हना. उटनूरले माझं तेवढंच चुकलं."

मग त्यांनी नोटा उचलल्या, एकदा मोजल्या आणि म्हणाले, "बरोबर हायेत. बेबाक झालं."