स्टिअरिंगची थरथर

पुढचे दोन्ही अ‍ॅक्सल नवे घातले, तरी सत्तरच्या पुढे गेलं की माझ्या जुन्या जीपचं स्टिअरिंग थरथरतंच. आज तिसऱ्यांदा गॅरेजात गेलो आणि सलीममिस्त्रींवर डाफरलो, "उद्या आईला ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचंय. अजून काय बदलायचं राहिलंय?"

त्यांनी पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. "रिम वाकलीय, साहेब. गाडी कुठे आदळली होती का, हे मी दोनदा विचारलं होतं."

दोन्ही वेळा मी नाही म्हणालो होतो. फोनवर बोलता बोलता गाडी खड्ड्यात आदळवल्याचं घरीही सांगितलं नव्हतं. नवे भाग घालायला माणूस लगेच तयार होतो; स्वतःची चूक सांगायला मात्र जीभ उचलत नाही.

"आदळली होती," मी म्हणालो.

मिस्त्री पाना घेऊन कामाला लागले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं.